कूर्चा घडताना पाहायची तर जनुकाची चावी आपल्या हाती हवी: टेट-ऑन सेल लाइन बनवण्याचा मार्गदर्शक

कूर्चा घडवायला लागणाऱ्या सॉक्स-९ या जनुकाच्या माणसात दोन प्रती असतात. त्यांतली एकच बिघडली तरी बाळ कॅम्पोमेलिक डिस्प्लेसिया घेऊन जन्माला येतं. पायांची लांब हाडं वाकलेली, छातीचा पिंजरा अरुंद आणि श्वासमार्गाची कूर्चा इतकी दुबळी, की श्वासाच्या त्रासाने बरीच बाळं फार जगत नाहीत. हा संबंध १९९४ मध्ये उघड झाला. अशा बाळात दुसरी प्रत शाबूत असते आणि प्रथिनही तयार होतं, पण ते पुरत नाही. पुढे गोष्ट आणखी गुंतते. वाढपट्टीतल्या कूर्चापेशी फुगून हाडाला जागा करून देतात, तेव्हा त्यांना हेच सॉक्स-९ खाली उतरवावं लागतं. सुरुवातीला कमी पडलं तरी घोटाळा, नंतर उरून राहिलं तरी घोटाळा.

म्हणून कूर्चेवर काम करणाऱ्याला ‘जनुक घातलं, काय झालं ते पाहिलं’ एवढं पुरत नाही. किती प्रथिन आणि कोणत्या दिवशी, हे ठरवण्याची सोय पेशीतच बसवावी लागते. हा लेख त्या सोयीबद्दल आहे. एम.एस्सी. किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातला, पेशीसंवर्धनाची ओळख असलेला पण सेल लाइन स्वतः न बनवलेला वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. उदाहरण एकच घेऊ: उंदराच्या पेशींत डॉक्सिसायक्लिन या टेट्रासायक्लिन वर्गातल्या प्रतिजैविकाने चालू-बंद होणारं मानवी सॉक्स-९.

आधी प्रश्न, मग पेशी

पेशी निवडताना ‘शेजारच्या लॅबमध्ये आहेत’ हे कारण पुरेसं नाही. दोन लाइन नेहमी समोर येतात.

सी३एच१०टी१/२ ही १९७३ मध्ये उंदराच्या भ्रूणांपासून मिळवलेली लाइन. तिच्यापासून योग्य इशाऱ्यावर स्नायू, चरबी, हाड, कूर्चा असं काहीही होऊ शकतं. नुसती पसरून वाढवली तर ती कूर्चा बनवत नाही. दाट थेंबात ठेवून बीएमपी-२ हे वाढीचा इशारा देणारं प्रथिन दिलं की बनवते. ‘सॉक्स-९ने कूर्चेची सुरुवात होते का’ हा प्रश्न असेल तर ही घ्या.

एटीडीसी५ ही उंदराच्या टेराटोकार्सिनोमापासून निघालेली लाइन आधीच कूर्चेच्या वाटेवर असते. मिलीलीटरला १० मायक्रोग्रॅम इन्शुलिन दिलं की साधारण तीन आठवड्यांत गाठी दिसू लागतात, आणि पुढे फुगणं, खनिज साचणं असे टप्पेही त्याच प्लेटमध्ये येतात. ‘सॉक्स-९ उशिरापर्यंत चालू ठेवलं तर फुगणं थांबतं का’ असा प्रश्न असेल तर ही बरी. पण हिच्यात स्वतःचं सॉक्स-९ भरपूर असतं, त्यामुळे तुमच्या जनुकाचा परिणाम त्या गर्दीतून वेगळा काढावा लागेल.

अस्थिमज्जेतल्या मानवी स्ट्रोमल पेशींचा मोह होतो, कारण त्या रोग्याच्या जवळच्या. पण त्यांची विभाजनं मोजकीच असतात. एका पेशीपासून क्लोन वाढवून पुन्हा प्रयोगाला पुरेल इतका साठा होईपर्यंत त्या थकतात. पहिल्या प्रकल्पाला त्या नकोत.

पेशी मान्यताप्राप्त भांडारातूनच मागवा. पुण्यात गणेशखिंडच्या विद्यापीठ आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं भांडार आहे. त्यांच्या यादीत हवी ती लाइन आहे का, ते आधी बघा. मित्राच्या फ्रीझरमधली ‘तीच लाइन’ बहुधा कितव्या पॅसेजची आहे हे त्यालाही माहीत नसतं. या दोन्ही लाइन फ्लास्कमध्ये पूर्ण भरू देऊ नका. दाटी झाली की त्या आपली वाट निवडू लागतात आणि पुढच्या पॅसेजला त्यांची क्षमता घसरलेली असते.

कागदपत्रांचं एका परिच्छेदात उरकतो, पण टाळू नका. जनुकबदल आणि लेंटिव्हायरस (पेशीत जनुक पोचवणारा विषाणू) म्हणजे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आणि स्तर-२ ची सोय. १९८९च्या नियमांखाली हे बंधनकारक आहे. समितीच्या बैठका रोज होत नाहीत, म्हणून प्लास्मिड मागवायच्या आधीच अर्ज द्या.

स्विच कसा चालतो

मॅनफ्रेड गॉसेन आणि हरमान बुयार्ड यांनी १९९२ मध्ये जिवाणूतला टेट्रासायक्लिन ओळखणारा रिप्रेसर घेतला आणि त्याला हर्पिस विषाणूच्या व्हीपी१६ प्रथिनाचा, जनुकाला चालना देणारा तुकडा जोडला. हे जोडप्रथिन औषध नसताना डीएनएला चिकटतं आणि औषध दिलं की सुटतं. तो टेट-ऑफ. १९९५ मध्ये त्याचा उलटा अवतार आला: औषध असेल तरच चिकटणारा. तो टेट-ऑन, आणि त्या चालकाचं नाव आरटीटीए. पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. त्या कमी औषधात चालतात आणि गळतीही, म्हणजे औषधाविना जनुक चालू राहणं, कमी करतात. तुमच्या प्लास्मिडमध्ये मूळ १९९५चाच आरटीटीए असेल तर तो बाजूला ठेवून नवा घ्या.

म्हणजे पेशीत दोन गोष्टी लागतात. एक, सतत बनणारा आरटीटीए. दोन, तुमचं जनुक, ज्याच्यापुढे टेट ऑपरेटरच्या (आरटीटीए चिकटतो त्या जागेच्या) सात प्रती आणि एक तोकडा प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) असतो. दोन्ही एकाच प्लास्मिडवर असलेले लेंटिव्हायरल वाहक मिळतात, पीसीडब्ल्यू५७.१ हा त्यांतला बराच वापरात असलेला. सॉक्स-९ प्रथिन ५०९ अमिनो आम्लांचं, म्हणजे जनुकाचा सांकेतिक भाग जेमतेम दीड हजार बेसचा. तो सहज मावतो.

रचना ठरवताना तीन गोष्टी पाहा. उंदराच्या पेशीत मानवी सॉक्स-९ घाला, म्हणजे दोघांचे प्रायमर वेगळे करता येतात आणि बाहेरून आलेलं किती, पेशीचं स्वतःचं किती, हे आरएनए मोजणाऱ्या क्यूपीसीआरमध्ये सुटं दिसतं. फ्लॅग टॅग (अँटिबॉडीने ओळखता येणारी छोटी खूण) प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाला लावा. जनुकांना चालना देणारा भाग शेवटच्या टोकाला आहे, तिथे लुडबूड नको. आणि आरटीटीएपुढे सीएमव्ही प्रमोटर असेल तर दोनदा विचार करा. अशा पेशींत तो काही आठवड्यांत मेथिलेशनने गप्प बसण्याची खोड दाखवतो. ईएफ१-अल्फा किंवा पीजीके जास्त टिकतो.

त्याच वाहकात सॉक्स-९च्या जागी जीएफपी किंवा ल्युसिफरेज घातलेली जुळी लाइन सोबतच बनवा. डीएनएला चिकटण्याची क्षमता काढून घेतलेलं सॉक्स-९ मिळालं तर त्याहून उत्तम. ‘नंतर बनवू’ म्हटलेली जुळी लाइन कधी बनत नाही, आणि शोधनिबंधाचा परीक्षक नेमकी तीच मागतो.

विषाणू, निवड, क्लोन

आधी पेशींना मारून बघा. वाहक न शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या प्युरोमायसिनचे मिलीलीटरला ०.५ ते १० मायक्रोग्रॅम असे सहा-सात डोस लावा. ज्या सर्वांत कमी डोसला न बदललेल्या सगळ्या पेशी तीन-चार दिवसांत मरतात तो तुमचा डोस. दुसऱ्याच्या निबंधातला आकडा उचलू नका. सीरमची बॅच बदलली तरी हा डोस सरकतो.

विषाणू एचईके२९३टी पेशींत बनतो: तुमचा वाहक, पॅकेजिंग प्लास्मिड आणि व्हीएसव्ही-जी आवरणाचं प्लास्मिड. ४८ आणि ७२ तासांनी मीडिया गोळा करा, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, लहान वाट्यांत उणे ८० ला ठेवा. पेशींवर टाकताना, विषाणू चिकटायला मदत करणारं पॉलिब्रीन मिलीलीटरला ४ ते ८ मायक्रोग्रॅम.

इथे घाईने जास्त विषाणू ओतण्याचा मोह आवरा. पेशीमागे सरासरी ०.३ विषाणू असा हिशेब धरला तर सुमारे २६ टक्के पेशींना लागण होते, आणि त्यांतल्या साधारण १४ टक्क्यांतच एकाहून जास्त प्रती शिरतात. चार-पाच प्रती बसलेल्या पेशीत औषधाविनाही जनुक गळत राहतं. सॉक्स-९ची गळती म्हणजे प्रयोग सुरू व्हायच्या आधीच कूर्चेकडे अर्ध्या वाटेवर गेलेल्या पेशी. प्रकल्प पुढे गेला की क्रिस्परने ठरलेल्या जागी जनुक बसवण्याचा विचार करा. उंदरात त्यासाठी रोझा२६ आणि माणसात एएव्हीएस१ या जागा रुळलेल्या आहेत. पहिल्या उत्तरासाठी लेंटिव्हायरस पुरे.

प्युरोमायसिनमधून वाचलेल्या पेशींचा एक भाग मिश्र साठा म्हणून गोठवा. उरलेल्यांतून क्लोन काढा. ९६-वेल प्लेटमध्ये वेलमागे अर्धी पेशी या हिशेबाने पेरलं तर सुमारे ३९ टक्के वेलमध्ये काहीतरी वाढेल आणि त्यांतले जवळपास पाऊण एकाच पेशीचे असतील. खरोखर एकाच पेशीपासून वाढलेत का, हे दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक वेल पाहून नोंदवा. कंटाळवाणं काम आहे, पण पंधरा दिवसांनी वसाहत बघून ते ठरवता येत नाही.

एकाच क्लोनवर विसंबून राहू नका. या लाइनमधल्या पेशी मुळातच एकसारख्या नसतात. काही क्लोन कूर्चा झकास बनवतात, काही मुळीच नाही, आणि त्याचा तुमच्या जनुकाशी काही संबंध नसतो. किमान तीन क्लोन आणि तो मिश्र साठा, असे चौघे पुढे न्या.

स्विच तपासल्याशिवाय कूर्चेला हात लावू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. नवखा विद्यार्थी नेमका हा टप्पा दोन दिवसांत उरकतो आणि अल्शियन ब्लू या कूर्चा रंगवणाऱ्या रंगाच्या निळ्या ठिपक्यांकडे धावतो.

डॉक्सिसायक्लिन हायक्लेट पाण्यात मिलीलीटरला १ मिलीग्रॅम असं विरघळवा, ०.२२ मायक्रॉनने गाळा, लहान वाट्या करा, फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० ला ठेवा. प्रकाशात ते खराब होतं. या साठ्यातला १ मायक्रोलीटर १ मिलीलीटर मीडियात म्हणजे मिलीलीटरला १००० नॅनोग्रॅम. डोस लावा ०, १०, ३०, १००, ३०० आणि १०००. ३७ अंशांवर मीडियातलं औषध साधारण २४ तासांत निम्मं होतं, म्हणून दर ४८ तासांनी मीडिया बदलून ताजं घाला. तो दिवस रविवार असला तरी.

सीरम कोणतं वापरता, हे विचारात घ्या. गुराढोरांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन वर्गाची प्रतिजैविकं वापरली जातात आणि त्यांचे अंश वासराच्या सीरममध्ये उतरू शकतात. शून्य डोसच्या वेलमध्येही जनुक चालू दिसत असेल तर क्लोनला दोष देण्याआधी टेट-मुक्त म्हणून तपासलेलं सीरम लावून बघा.

मग मोजा. आरएनए २४ तासांनी, प्रथिन ४८ तासांनी. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन पट्टीरूपात दाखवणाऱ्या चाचणीत) सॉक्स-९ची पट्टी त्याच्या हिशेबी ५६ किलोडाल्टनपेक्षा वर, ६५-७०च्या आसपास दिसते. ते पाहून घाबरू नका. शून्य डोसला पट्टी नसावी, किंवा मूळ लाइनइतकीच असावी.

आता एक बारकावा, जो वेस्टर्न दाखवू शकत नाही. डोस वाढवत नेला की पट्टी गडद होत जाते आणि आपण समजतो की प्रत्येक पेशीत प्रथिन हळूहळू वाढतंय, पंख्याचा रेग्युलेटर फिरवल्यासारखं. बऱ्याचदा प्रत्यक्षात वेगळंच घडतं: मधल्या डोसला काही पेशी पूर्ण चालू आणि काही पूर्ण बंद, आणि डोस वाढला की चालू पेशींचं प्रमाण तेवढं वाढतं. ‘निम्म्या सॉक्स-९चा परिणाम’ अभ्यासायचा असेल तर या दोन परिस्थितींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून फ्लॅगच्या अँटिबॉडीने रंगवून फ्लो सायटोमेट्री करा, किंवा निदान कव्हरस्लिपवर इम्युनोफ्लुरोसन्स. मधल्या डोसला आलेखात एकच उंचवटा सरकत गेला तर उत्तम. दोन वेगळे उंचवटे दिसले तर तो क्लोन फक्त चालू-बंद प्रयोगांसाठी ठेवा, प्रमाणाच्या प्रश्नाला दुसरा शोधा.

बंद करणंही तपासा. पीबीएसने तीनदा धुवा, औषधाविना मीडिया घाला, काही तासांनी तो पुन्हा बदला आणि २४, ४८, ७२ तासांनी प्रथिन बघा. औषध काढल्याच्या क्षणी प्रथिन जात नाही. ते किती तासांत मूळ पातळीवर येतं, हे तुमच्या क्लोनसाठी माहीत नसेल तर पुढच्या कोणत्याही ‘सातव्या दिवशी बंद केलं’ या वाक्याला अर्थ नाही.

कूर्चा घडवणं

सी३एच१०टी१/२साठी दाट थेंबाची पद्धत, म्हणजे मायक्रोमास, घ्या. मिलीलीटरला १ कोटी पेशी असं दाट मिश्रण करा, १० मायक्रोलीटरचा थेंब वेलच्या मधोमध टाका. थेंबात १ लाख पेशी होतात. दोन तास इन्क्युबेटरमध्ये चिकटू द्या आणि मग कडेने अलगद मीडिया सोडा. थेंब वाळू नये म्हणून प्लेटच्या रिकाम्या वेलमध्ये पाणी ठेवा. कूर्चा घडण्याआधी गर्भातही पेशी अशाच एकमेकींना बिलगतात; दाटी हाच पहिला इशारा असतो, त्यामुळे थेंब फुटून पसरला तर ती वेल हिशेबातून वगळा.

पेलेटचा पर्याय आहे: अडीच लाख पेशी १५ मिलीलीटरच्या नळीत फिरवून गोळा करायच्या आणि सीरमविरहित मीडियात टीजीएफ-बीटा३ मिलीलीटरला १० नॅनोग्रॅम, डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर आणि ॲस्कॉर्बेट-२-फॉस्फेट ५० मायक्रोग्रॅम यांच्यासह वाढवायच्या. गाठ छान गोल होते. पण तिच्या गाभ्यापर्यंत औषध आणि प्राणवायू सारखे पोचत नाहीत, त्यामुळे आत आणि बाहेर जनुकाची पातळी वेगळी पडू शकते. काप काढून फ्लॅग रंगवल्याशिवाय पेलेटचा निकाल लिहू नका.

प्लेटची आखणी करताना हे गट हवेतच: मूळ लाइन, जुळी जीएफपी लाइन आणि सॉक्स-९ लाइन, प्रत्येक औषधासह आणि औषधाविना, आणि हे सगळं बीएमपी-२ असताना व नसताना. बारा गट झाले. प्रत्येकी तीन वेल धरा, म्हणजे एका वेळच्या नमुन्यालाच २४-वेलची दीड प्लेट लागते. गट कमी करावेसे वाटतील, तेव्हा पुढचा भाग वाचा.

डॉक्सिसायक्लिन निरुपद्रवी नाही

इतर ऊतींच्या प्रयोगात डॉक्सिसायक्लिन हा नुसता इशारा मानला तरी एक वेळ चालून जातं. कूर्चेत चालत नाही.

हे औषध मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज (एमएमपी) गटातल्या विकरांना रोखतं, म्हणजे कूर्चेचं कोलॅजन तोडणाऱ्या विकरांनाच. हिरड्यांच्या विकारात ते २० मिलीग्रॅमच्या, जिवाणू न मारणाऱ्या मात्रेत देतात ते याच गुणासाठी. तेव्हा औषध दिलेल्या थेंबात जास्त कोलॅजन दिसलं तर ते सॉक्स-९ने बनवलं की औषधाने तुटू दिलं नाही, हे जुळी लाइनच सांगेल.

जिवाणूंच्या रायबोसोमला रोखणारं हे औषध त्याच घडणीच्या मायटोकाँड्रियालाही त्रास देतं आणि पेशींचा चयापचय बदलतं. म्हणून डोस-चाचणीत जो सर्वांत कमी डोस पुरतो तोच वापरा; १००० नॅनोग्रॅम ही सवय आहे, गरज नव्हे.

एटीडीसी५ वापरत असाल तर तिसरी अडचण येते. टेट्रासायक्लिन वर्ग कॅल्शियमला धरतो. लहानपणी ही औषधं घेतलेल्यांचे दात पिवळे पडतात ते त्यामुळेच. खनिज साचू लागलेल्या प्लेटमध्ये औषध त्या खनिजात अडकतं, धुऊन पूर्ण निघत नाही, शिवाय तिथे पिवळट-हिरवं चमकतं. जीएफपी बघताना ही चमक फसवते. उशिराच्या टप्प्यात जनुक बंद करायचं असेल तर खनिज दिसण्याच्या आधीच औषध काढा.

आणि मायकोप्लाझ्मा. डॉक्सिसायक्लिन त्यालाही दाबतं. लाइनला संसर्ग असेल तर औषधाचे वेल तेवढे ‘बरे’ होतील आणि औषधाविना वेल आजारी राहतील. मग तुम्हाला सुंदर, पुन्हा पुन्हा येणारा आणि पूर्ण खोटा फरक दिसेल. पीसीआर चाचणी महिन्याला करा, आणि नमुना औषध नसलेल्या फ्लास्कमधूनच घ्या.

काय मोजायचं

अल्शियन ब्लू स्वस्त आणि समाधान देणारा आहे. पीएच १ ला तो सल्फेट असलेल्या शर्करासाखळ्यांनाच धरतो, पीएच २.५ ला इतरांनाही. कूर्चेसाठी पीएच १ वापरा. रंगाचं मोजमाप हवं तर ६ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडमध्ये रंग काढून ६२० ते ६५० नॅनोमीटरला वाचा आणि डीएनएच्या प्रमाणाने भागा. भागाकार विसरलात तर जास्त पेशींची वेल जास्त कूर्चेची वाटेल.

क्यूपीसीआरमध्ये टाइप-२ कोलॅजन, ॲग्रिकॅन आणि पेशीचं स्वतःचं सॉक्स-९ घ्या. फुगण्यासाठी टाइप-१० कोलॅजन, एमएमपी-१३ आणि रन्क्स-२. टाइप-२ कोलॅजनचे दोन प्रकार असतात. अपक्व पेशी दुसऱ्या एक्सॉनसह ‘ए’ प्रकार बनवतात, पक्व कूर्चापेशी तो वगळून ‘बी’. दोन्ही वेगळे ओळखणारे प्रायमर लावले तर पेशी कुठवर पोचल्या ते कळतं. टाइप-१ कोलॅजनही जोडीला मोजा. तो वाढत असेल तर बनतंय ते तंतुमय ऊतक असू शकतं.

एक अपेक्षा आधीच ठेवा: जास्त सॉक्स-९ म्हणजे जास्त कूर्चा असं सरळ गणित नेहमी येत नाही. पक्व कूर्चापेशींत ते फार वाढवल्यावर टाइप-२ कोलॅजन उलट घटल्याचंही नोंदलेलं आहे. शिवाय सॉक्स-५ आणि सॉक्स-६ यांची साथ लागते. सॉक्स-९ एकट्याने सुरुवात करतं, पण भरघोस मॅट्रिक्ससाठी तिघं लागतात. मधल्या डोसला सर्वांत चांगला निकाल आला तर प्रयोग फसला असं समजू नका, तो डोस पुन्हा लावा.

साठा आणि नोंदी

निवडलेले तीनही क्लोन शक्य तितक्या कमी पॅसेजला गोठवा, प्रत्येकी निदान दहा कुप्या, आणि त्या दोन वेगळ्या टाक्यांत ठेवा. एक कुपी लगेच परत जागवून औषधाचा प्रतिसाद पुन्हा मोजा, कारण गोठवण्याआधीचा आकडा जागवल्यानंतर तसाच राहील याची खात्री नसते. चालू संवर्धनात दर चार-पाच पॅसेजनंतर तीच चाचणी, आणि प्रतिसाद मावळू लागला की नवी कुपी काढा. प्युरोमायसिनचा डोस वाढवून मेलेला स्विच जिवंत होत नाही. कुपीवर लाइन, क्लोन, पॅसेज आणि तारीख लिहा. वहीत त्याशिवाय सीरमची बॅच, डॉक्सिसायक्लिन विरघळवल्याची तारीख आणि शेवटच्या मायकोप्लाझ्मा चाचणीचा निकाल.